टेबलावरची वाघीण

इंग्रजी 'वॅगन' मराठीच्या तोंडी बसता बसता 'वाघीण' झाली. तिला तळहातावर मावेल एवढी लहान करायची, तीही तयार किटचे भाग न जोडता, कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून एकेक तुकडा कापून, असा एक छंद आहे. छंदिष्टांच्या भाषेत त्याला स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. बघणाऱ्याला हे निव्वळ चिकाटीचं काम वाटतं. खऱ्या डब्याचं माप घ्या, भागा, कापा, चिकटवा, झालं. चिकाटी लागतेच, पण पहिली वाघीण रुळांवर उभी केली की लक्षात येतं की आपला भागाकार फक्त लांबी-रुंदीने मानला आहे. वजन, घर्षण, गोंद आणि आपले स्वतःचे डोळे त्याला जुमानत नाहीत.

आधी भागाकार. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. नावातला 'एच' म्हणजे 'हाफ': 'ओ' नावाच्या मोठ्या प्रमाणाचं हे अर्धं. खऱ्या एका फुटाला इथे साडेतीन मिलिमीटर. दोन रुळांमधल्या १४३५ मिलिमीटरच्या प्रमाण अंतराला, म्हणजे 'स्टँडर्ड गेज'ला, ८७ ने भागलं की १६.५ मिलिमीटर येतात, आणि एचओचे रूळ तेवढ्याच अंतरावर असतात. इथवर हिशेब चोख. ब्रिटिशांची मात्र पंचाईत झाली. त्यांची इंजिनं मुळातच अंगाने लहान, त्यांच्या साडेतीन मिलिमीटरच्या प्रतिकृतीत त्या काळच्या विजेच्या मोटारी मावेनात. मग त्यांनी वरचा डबा फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने मोठा केला आणि रूळ होते तेच ठेवले. या ओओ प्रमाणात, म्हणजे १:७६.२ मध्ये, १६.५ मिलिमीटरचा रुळमार्ग खऱ्या १२५७ मिलिमीटरचा ठरतो. जवळजवळ १८ सेंटिमीटरची ही तूट डोळ्याआड करून तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सुखाने गाड्या चालवत आले आहेत. ज्यांना ते सहन होत नाही ते १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हाताने घालतात. दोन्ही पंथांना एकमेकांची कीव येते.

खरी गंमत वजनात आहे. लांबी ८७ पट कमी केली की घनफळ ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त कमी होतं. वीस टनांची रिकामी वाघीण या हिशेबाने फक्त तीस ग्रॅमची. माझी पहिली वाघीण साधारण तेवढीच भरली होती आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. मापातही खरी, वजनातही खरी! पहिल्याच वळणावर ती गाडीच्या मधून आतल्या बाजूला कलंडली.

कारण सोपं आहे. वळणावर गाडी ओढली जाते तेव्हा कपलिंगमधला ताण तिरका लागतो आणि त्याचा काही भाग मधल्या डब्याला वळणाच्या आत खेचतो. हा ताण मागे किती डबे आहेत त्यावर ठरतो. त्याला विरोध करायला डब्याकडे असतं फक्त स्वतःचं वजन. त्यात टेबलावरची वळणं भयंकर असतात. ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण खऱ्या जगात ३९ मीटरचं होईल, आणि खऱ्या मुख्य मार्गावरच्या वळणांची त्रिज्या शेकडो मीटर असते. आपण गाडीला अशा गल्लीतून वळवतो जिथे खरी गाडी शिरलीही नसती.

म्हणून १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओसाठी एक साधी शिफारस केली आहे: मूळ एक औंस, आणि डब्याच्या दर इंच लांबीला आणखी अर्धा औंस. पंधरा सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे सहा इंचांच्या वाघिणीला चार औंस, साधारण ११३ ग्रॅम. हा आकडा उलटा वाढवून पाहिला तर खऱ्या जगात ७४ टन येतात. म्हणजे ठोकळमानाने काठोकाठ भरलेल्या वाघिणीचं वजन! आपली रिकामी दिसणारी वाघीण गपचूप भरल्या पोटाने धावत असते.

हे वजन शक्य तितकं खाली, तळाच्या पट्ट्यांमध्ये लपवायचं. शिसं त्याला आदर्श वाटतं: घनता ११.३, पोलादाची ७.८. आणि इथेच एक जुना सापळा आहे. कित्येकांनी बंद टाकीच्या वाघिणीत शिशाच्या बारीक गोळ्या ओतल्या आणि त्या हलू नयेत म्हणून वर पांढरा गोंद, म्हणजे लाकूडकामातला पीव्हीए, सोडला. काही वर्षांनी कपाट उघडलं तर टाकी फुगून शिवणीवर उकललेली. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. त्यातून थोडं थोडं ॲसिटिक आम्ल सुटत राहतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. ते शिशाला लागलं की लेड ॲसिटेट होतं, हवेतल्या ओल आणि कार्बन डायऑक्साइडने पुढे त्याचं पांढरं लेड कार्बोनेट होतं आणि आम्ल पुन्हा मोकळं होऊन नव्या शिशाकडे वळतं. कार्बोनेटला शिशापेक्षा जागा जास्त लागते. बंद पोटात जागा कुठून येणार? जुन्या काळी चित्रकारांचा पांढरा रंग नेमका असाच बनवत: मडक्यात व्हिनेगर, वर शिशाचे पत्रे, आणि उबेसाठी भोवती शेण-लीद, काही महिने. या मंडळींनी नकळत तोच कारखाना वाघिणीच्या पोटात उघडला होता. शिसं विषारी आहे ते वेगळंच. मी आता पोलादी नट वापरतो, आणि जागा फारच कमी असेल तर टंगस्टन. त्याची घनता १९.३.

वाघीण कापायची ती बहुतेक पॉलिस्टायरीनच्या शीटमधून. जाडी पाव, अर्धा किंवा एक मिलिमीटर. नवखा माणूस ती कागदासारखी आरपार कापायला जातो आणि कडा वाकडी करून बसतो. खरं तर पोलादी पट्टी धरून कटरने वरवर एक रेघ ओढायची आणि शीट हलकेच वाकवायची; कडकन सरळ रेषेत तुटते. त्या बारीक खाचेच्या तळाशी सगळा ताण एकवटतो. पॉलिस्टायरीन ठिसूळ असल्यामुळे तिथून सुरू झालेली भेग इकडेतिकडे न भटकता खाचेच्याच वाटेने जाते. काच कापणारा हेच करतो.

जोडायला गोंद नाही, द्रावक वापरतात. ब्युटेनोनसारखं पाण्याइतकं पातळ द्रावक ब्रशच्या टोकाने फटीजवळ टेकवायचं, केशाकर्षणाने ते आपोआप आत ओढलं जातं. दोन्ही पृष्ठभाग मऊ पडतात, प्लॅस्टिकच्या लांब रेणूसाखळ्या सुट्या होऊन एकमेकींत गुंततात, आणि द्रावक उडून गेलं की त्या तशाच अडकून राहतात. मध्ये तिसरा पदार्थच उरत नाही, म्हणून हा खरं तर चिकटवलेला जोड नाही, थंडपणे केलेलं वेल्डिंग आहे. (खिडकी उघडी ठेवा. ही वाफ डोक्यात जाते.) पण दोन रुंद शीट एकावर एक चिकटवल्या, तर मधलं द्रावक बाहेर पडायला आठवडे घेतं आणि तोवर प्लॅस्टिक आतून मऊच राहतं. आज सपाट दिसणारी बाजू महिन्याभराने केळीच्या पानासारखी वळलेली मिळते. म्हणून जाणकार लपलेल्या बाजूला आधीच भोकं पाडून ठेवतात. आणखी एक: पितळेची लांब पट्टी प्लॅस्टिकला टोकापासून टोकापर्यंत पक्की चिकटवू नये. उष्णतेने पॉलिस्टायरीन पितळेच्या तीन-चार पट प्रसरण पावतं, त्यामुळे वाघीण ऋतुमानाप्रमाणे वाकते.

आता चाकं. बहुतेक लोक ती विकतच आणतात, आणि त्यात कमीपणा नाही. चाकाच्या आतल्या बाजूची उभी कडा, फ्लँज, खऱ्या गाडीत २८ मिलिमीटरच्या आसपास असते. ८७ ने भागली तर ०.३२ मिलिमीटर. टेबलावरच्या रुळांच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची उंचसखल सहज असते, म्हणजे खऱ्या जगातला चार सेंटिमीटरहून मोठा खड्डा. तिथे एवढी बारीक कडा टिकणार नाही, म्हणून अमेरिकी शिफारशीतल्या चाकाची कडा जवळजवळ दुप्पट ठेवली आहे.

तरी चारचाकी वाघिणीचा मूळ दोष उरतोच. चार पायांचं टेबल उंचसखल फरशीवर डुगडुगतं, तीन पायांचं स्टूल कधीच नाही, कारण कुठल्याही तीन बिंदूंतून एक सपाट प्रतल जातंच. चौथा बिंदू त्यात बसेलच अशी हमी नसते. मग उपाय असा की वाघिणीची एक चाकजोडी घट्ट बसवायची आणि दुसरी मधोमध, डब्याच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या एका तारेवर तोलून धरायची, जेणेकरून ती डावी-उजवी झुलेल. वाघीण आता तीन बिंदूंवर उभी आहे: घट्ट जोडीची दोन चाकं आणि झुलत्या जोडीचा मधला टेकू. चारही चाकं मात्र रुळांना चिकटून असतात. आठचाकी वाघिणीत हेच करायला एक बोगी (म्हणजे अख्खा डबा नव्हे, त्याच्या खालचा चार चाकांचा सांगाडा) फक्त वळेल आणि दुसरी वळेलही, कलेलही, एवढी ढील ठेवली की पुरतं. एका तारेच्या तुकड्यात माझे निम्मे अपघात संपले.

अक्षाची टोकं सुईसारखी निमुळती करून पितळी वाटीत टेकवतात. घर्षणाचा रोध स्पर्श अक्षाच्या मध्यापासून किती दूर होतो त्यावरही असतो, आणि टोकाशी ते अंतर जवळजवळ शून्य. फुंकर मारली तरी वाघीण पळते. एक गोष्ट मात्र कुठल्याही युक्तीने साधत नाही: जड डब्याचा तो संथ डोल. लंबकाचा झोका त्याच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ८७ चं वर्गमूळ ९.३, म्हणजे सगळी डुलणी नऊपट घाईची. सिनेमावाले छोट्या प्रतिकृती याच वर्गमुळाच्या हिशेबाने जास्त वेगाने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवतात. टेबलाशी उभ्या माणसाला ती सोय नाही.

रंगाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. शुद्ध काळा वापरू नका, खेळणं दिसतं. डोळ्याबद्दल मात्र आहे. चांगल्या नजरेला साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा दिसतो. तीस सेंटिमीटरवरून ०.०९ मिलिमीटर. ८७ ने गुणलं की खऱ्या डब्यावर पाऊण सेंटिमीटरहून थोडं जास्त. त्याहून बारीक काहीही दिसायलाच नको. पहिल्या वाघिणीच्या फळ्यांवर मी एक अख्खी संध्याकाळ सुईने लाकडाच्या रेषा कोरल्या होत्या. तीस सेंटिमीटर म्हणजे प्रमाणात २६ मीटर. तेवढ्या लांबून कुणाला लाकडाच्या रेषा दिसतात? नंतर पॉलिश पेपरने त्या घासून काढल्या आणि वाघीण एकदम खरी वाटू लागली.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे, मात्र सोडता येत नाहीत. अडीच सेंटिमीटरचं डोकं ०.३ मिलिमीटरचं होतं, सहज दिसतं. पातळ शीटला मागून सुईने दाबून ते उठवायचे, ओळीने, पट्टीला धरून. कारण ओळीतून काही सरकलं असेल तर आपली नजर त्या एका कलामिनिटाच्याही कित्येक पट तीक्ष्ण होते. व्हर्नियर कॅलिपरवरच्या दोन रेघा जुळल्या की नाही हे आपण त्याच बळावर ओळखतो. माझ्या पहिल्या वाघिणीच्या डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या ओळीत, असा एक सरकलेला रिव्हेट आहे. तो कुणाला दिसत नाही असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आला, टेबलावर हनुवटी टेकून त्याने ती वाघीण पाहिली आणि पहिल्यांदा बोट ठेवलं ते त्याच्यावर.