पेशी, कोशिका, स्नायू : शालेय जीवशास्त्रातल्या तीन शब्दांची पार्श्वभूमी

कांद्याचा पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब टाकायचा आणि आच्छादन काच एका कडेने अलगद टेकवायची, म्हणजे बुडबुडा राहत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारख्या रांगा दिसतात आणि प्रत्येक विटेत एक पिवळसर-तपकिरी ठिपका. मराठी शाळेतले मूल वहीत आकृती काढून खाली लिहिते : कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी. त्याच वयाचे हिंदी माध्यमाचे मूल त्याच आकृतीखाली ‘कोशिका’ लिहिते. त्याच्या पुस्तकात ‘पेशी’ येते ती दंडातल्या बेंडकुळीसाठी, म्हणजे आपण ज्याला स्नायू म्हणतो त्यासाठी. आणि ‘स्नायु’ हा शब्द त्याच्याकडे हाडाला हाड बांधणाऱ्या दोरीसाठी आहे. आपल्या नववीच्या पुस्तकात त्या दोरीला अस्थिबंध म्हटले आहे. शब्द तेच, पण प्रत्येक जण एकेक घर सरकलेला.

हा गुंता मराठीनेच केला असे सरसकट म्हणता येत नाही. गुजरातीत आणि कन्नडमध्येही स्नायू म्हणजे मांसाचा स्नायूच. बंगालीत मात्र स्नायू म्हणजे ज्याला आपण चेता किंवा पूर्वी मज्जातंतू म्हणत होतो ते. या सगळ्यांत कोष किंवा कोशिका हा शब्द पेशीच्या जागी बऱ्यापैकी समान आहे. शेजाऱ्यांपेक्षा वेगळी वाट मराठीने धरली ती इथे.

जुन्या शारीरविद्येत या शब्दांच्या जागा ठरलेल्या होत्या. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचना सांगणाऱ्या भागात, पेशी ५०० सांगितल्या आहेत : हातापायांत ४००, धडात ६६, मानेपासून वर ३४. ही मोजणी मांसाच्या तुकड्यांची आहे, म्हणजे आजच्या स्नायूंची. स्नायू ९०० सांगितले आहेत आणि त्यांना दिलेली उपमा फार नेमकी आहे : फळ्या जोडून, पुष्कळ बंधनांनी आवळलेली नाव जसा पाण्यावर भार पेलते, तसे सांध्यांना स्नायूंनी बांधलेले शरीर भार पेलते. स्नायू म्हणजे बांधणी, पेशी म्हणजे मांस. हिंदीने ही जुनी वाटणी बरीचशी जपली. आपण मोडली.

मोडण्यामागे एक अडचण होती, आणि ती खरी होती. लंडनमध्ये १६६५ साली बुचाच्या पातळ कापात जे दिसले, त्याला मठातल्या साधूच्या लहान खोलीचे नाव मिळाले : ‘सेल’. बघितल्या होत्या त्या रिकाम्या भिंती, आतला जीव केव्हाच गेलेला. पुढे १८३८-३९ मध्ये आधी वनस्पतींबद्दल आणि लगेच प्राण्यांबद्दल मांडले गेले की दोघांचीही शरीरे याच एककांची बनली आहेत. तेव्हापासून कांदा आणि गालाचे अस्तर यांना एकच नाव लागू लागले. संस्कृतावर पोसलेल्या भाषांकडे असे नाव तयार नव्हते. कोश म्हणजे म्यान, पेटी, आवरण. भिंत असलेल्या वनस्पतीला ते चपखल बसते. पेशी म्हणजे मांस, ते प्राण्याकडे झुकते.

इथे एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अमरकोशात पक्ष्याच्या अंड्याची नावे दिली आहेत, त्यांत पेशी आणि कोश हे दोन शब्द अगदी शेजारी-शेजारी येतात. ज्या दोन शब्दांवरून दोन भाषांची पुस्तके वेगळी झाली, ते तिथे एकमेकांचे पर्याय आहेत. फलन न झालेल्या अंड्यातला बलक ही एकच मोठी पेशी असते, तेव्हा अर्थाच्या दृष्टीने मराठीची निवड अजिबात ओढूनताणून केलेली ठरत नाही. ‘पेशी म्हणजे मांस, मग कांद्यात पेशी कशी?’ हा आक्षेप अर्धेच संस्कृत पाहून घेतलेला आहे, असे माझे मत आहे.

केंद्राने १९६१ साली शास्त्रीय परिभाषेसाठी आयोग नेमला. त्याच्या यादीत कोशिका आली, आणि सर्व भारतीय भाषांत परिभाषा शक्यतो एकच असावी हा आग्रह त्यामागे होता. महाराष्ट्रात भाषेचे सरकारी खाते त्याआधीच, १९६० मध्ये सुरू झाले होते आणि त्याचे स्वतःचे परिभाषाकोश पुढे निघत गेले. १९७६ पासून निघू लागलेल्या मोठ्या मराठी ज्ञानकोशाने कोशिका स्वीकारली, पण वाचकाला कळावे म्हणून कंसात पेशी देत राहिला. ज्या शब्दाला दर वेळी कंसाचा आधार लागतो, तो रुजलेला नसतो. शाळेच्या पुस्तकांनी पेशीच ठेवली, आणि वर्गात जे म्हटले जाते तेच पुढे टिकते.

टिकण्याचे आणखी एक कारण म्हणजे शब्दाची घडण. एकपेशीय, बहुपेशीय, पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, चेतापेशी : जोडताना जीभ अडखळत नाही. २०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ असे प्रकरणच आले. त्यातला ‘मूलपेशी’ हा शब्द मुलांनी एका तासात आपलासा केला. शिवाय वीज देणाऱ्याला विद्युतघट, तुरुंगातल्याला कोठडी आणि सजीवातल्याला पेशी. इंग्रजीत हे सगळे ‘सेल’ या एकाच शब्दात कोंबलेले आहे, मराठीत नाही.

दुसऱ्या एका बदलाला हे यश मिळाले नाही. मज्जासंस्था जाऊन चेतासंस्था आली, मज्जारज्जूचा मेरुरज्जू झाला. कारण रास्त होते, मज्जा म्हणजे हाडातला मगज आणि अस्थिमज्जा हा शब्द वेगळ्या अर्थाने लागणारच होता. तरी वर्तमानपत्रांत आणि घरी अजून मज्जासंस्थाच चालते.

खरी अडचण शब्द निवडण्यात नव्हती, निवड मुलांना न सांगण्यात होती. पुस्तकात पारिभाषिक शब्दापुढे इंग्रजी प्रतिशब्द कंसात असतो, हिंदी कधीच नसतो, आणि जुना अर्थ तर नाहीच. आयुर्वेद महाविद्यालयात गेलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी ‘पञ्च पेशीशतानि’ वाचतो आणि शरीरात पाचशेच पेशी कशा, म्हणून थबकतो. दहा वर्षांत कोणी एक ओळ लिहिली असती तर हे झाले नसते.

याहून मोठा खंड अकरावीला पडतो. विज्ञान शाखा इंग्रजीत शिकवली जाते आणि पेशीभित्तिका, हरितलवक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका ही सगळी जमवलेली पुंजी एका जूनमध्ये बाजूला ठेवावी लागते. वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा २०१७ साली दहा भाषांत झाली, त्यांत मराठी होती. पण दोन वर्षे इंग्रजीत शिकलेल्या मुलाला मराठी प्रश्नपत्रिकेचा आधार किती वाटणार? सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले ते याच धास्तीने, आणि पालकांना त्यासाठी दोष देणे मला पटत नाही.

व्यायामाबद्दलच्या मराठी मजकुरात आता हिंदीतून ‘मांसपेशी’ आली आहे. ‘मांसपेशी मजबूत करा’ असे वाचणाऱ्या मुलाला त्यात शाळेतली पेशी दिसते आणि वाक्याचा अर्थ लागत नाही, कारण दुखतात, आखडतात ते आपले स्नायू.

शाळेबाहेर पेशीने मात्र आपली जागा केली आहे. डेंग्यूच्या दिवसांत दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेले नातेवाईक रिपोर्ट हातात आला की एकच विचारतात, “पेशी किती आल्या?” आणि चाळीस हजार ऐकले की चेहरे उतरतात, कारण निरोगी माणसात तो आकडा दीड लाखाच्या वर असतो. त्यांना म्हणायच्या असतात त्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स. त्या पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे ते सुटलेले तुकडे आहेत, त्यांत केंद्रक नसते. रक्तबिंबिका हा शब्द पुस्तकात आहे, परीक्षेत येतो, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो कोणी उच्चारत नाही.