बार्शी लाइट : वाफेपासून विजेपर्यंत

मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज जाळ्यात विजेची तार सगळ्यांत शेवटी पोहोचली ती औसा रोड ते लातूर रोड या 52 किलोमीटरच्या टप्प्यावर, 23 फेब्रुवारी 2023 रोजी. इतका उशीर का झाला, हे समजून घ्यायला बार्शी लाइट रेल्वे या लातूरपर्यंत गेलेल्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेपर्यंत मागे जावे लागते.

बार्शी ही कापसाची आणि तेलबियांची जुनी पेठ, पण मुंबई-सोलापूर रेल्वेमार्ग तिला बाजूला ठेवून गेला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ही उणीव हेरली. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी 21 मैलांची अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, गाडी सुरू झाली. इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालडबा), कुठल्याही ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या आसावर, 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम होता. त्यामुळे यार्डभर (तीन फूट) लांबीला 30 पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचे, रूळ पुरले आणि खर्च आटोक्यात राहिला. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेली इंजिनेही याच हिशेबाने घडवली होती. ओढणारा भार चार ॲक्सलवर वाटलेला. हा अनुभव इंग्लंडलाही उपयोगी पडला. 1904 साली तिकडे सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेचा अभियंता कॅलथ्रॉपच होता. बार्शीच्या माळावर सिद्ध झालेली गोष्ट विलायतेत गेली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

गाडी 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला वारकरी, एरवी धान्य आणि कापूस. कुर्डुवाडीला मात्र प्रत्येक पोते छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे. 1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, पण रूळ तेवढेच अरुंद राहिले. वाफेची इंजिने नव्वदच्या दशकापर्यंत धावली, मग डिझेल आले.

माझ्या मते या मार्गाचा खरा कायापालट इंजिनाने झाला नाही, तो रुंदीकरणाने झाला. विजेचे इंजिन अडीच फुटी रुळांवर कधी आलेच नाही. आधी ब्रॉडगेज, मग तार, हाच क्रम. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी रुंद झाले. लातूरची बाजू 2008 पर्यंत पुरी झाली आणि तेव्हा मार्ग वळवून धाराशिव शहरही जोडून घेतले. पंढरपूर-मिरज त्यानंतर.

रुंदीकरणाचे मोल लातूरने एप्रिल 2016 च्या दुष्काळात पाहिले. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी 25 लाख लिटर आणू लागली. एका वाघिणीत 50 टन पाणी, आणि तिला ॲक्सल चार. वाघिणीचे स्वतःचे वजन सोडले तरी एका ॲक्सलवर साडेबारा टन येतात; कॅलथ्रॉपच्या रुळांना पाच टनांपुढे पेलायचे नव्हते. तार आली ती त्यानंतर जवळजवळ सात वर्षांनी.