मायग्रेनची औषधं आणि बाकीचे उपचार

मायग्रेन म्हणजे आपली जुनी अर्धशिशी. तिच्या औषधांच्या दोन वेगळ्या जाती आहेत हे कळलं की अर्धं काम झालं. एक जात उठलेलं डोकं उतरवायची, दुसरी डोकं उठायचं प्रमाणच कमी करायची. पहिली लागेल तेव्हाच घ्यायची, दुसरी दुखो न दुखो रोज घ्यायची. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, कितीतरी घरांत नेमकं उलटं चालतं, दुखण्याची गोळी रोज पोटात जाते आणि रोजची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून डब्यातच राहते.

आधी दुखणं ओळखायला हवं. डोक्याची एक बाजू, कधीकधी दोन्ही, ठणके मारते, जिना चढला की वाढतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, आणि काही घेतलं नाही तर हे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतं. काहींना त्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात, त्याला ऑरा म्हणतात आणि तो साधारण ५ मिनिटं ते तासभर राहतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला ३ मिलिमीटरच्या आसपास वेगाने एक लाट सरकत जाते म्हणून हे दिसतं असं मानतात, ती लाट लियाओ नावाच्या ब्राझिलच्या संशोधकाने १९४४ साली सशाच्या मेंदूत नोंदवली होती. प्रत्यक्ष दुखतं ते चेहरा आणि कवटीच्या आतल्या आवरणांची जाणीव नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेमुळे, ती चेतवली की तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे या दुखण्याला सर्रास "पित्त" म्हणतात. उलटी झाली की डोकं हलकं होतं, म्हणजे दोष पोटात, असा हिशोब. मग ईनो, कोकम सरबत, सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी, आणि अशी वर्षं निघून जातात. कोणी चष्म्याचा नंबर बदलून आणतं, कोणी सायनस म्हणून वाफ घेत बसतं. मळमळ ही मायग्रेनचाच भाग आहे, ती मेंदूकडून येते, आणि अ‍ॅटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं म्हणून अन्नही पडून राहतं आणि गोळीही. दुखणं काही दुर्मीळ नाही, बंगळुरू शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात दर चार प्रौढांमागे साधारण एकाला मायग्रेन निघाला होता.

उठलेलं डोकं उतरवायला

साध्या गोळ्यांपासून सुरुवात होते आणि कितीतरी जणांना त्या पुरतात, फक्त डोस पूर्ण आणि वेळेवर हवा. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, इबुप्रोफेन ४००, नॅप्रोक्सेन ५००, अ‍ॅस्पिरिन ९०० ते १००० असे डोस वापरतात. अर्धी गोळी तोडून घेणं आणि चार तासांनी उरलेली अर्धी घेणं याने काहीच होत नाही. वेळेचं तर फारच महत्त्व आहे. ऐरोलीच्या ऑफिसात पाच वाजता डोकं धरायला लागलं, आत्ता नको, ठाण्याला उतरू, घरी जाऊ, दोन घास खाऊ आणि मग गोळी घेऊ असं म्हटलं की हातातून गेलंच समजा, कारण तोपर्यंत पोट बंद पडलेलं असतं. म्हणूनच डॉक्टर वेदनेच्या गोळीबरोबर डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड देतात, उलटी थांबते आणि गोळी पुढे सरकते. नॅप्रोक्सेन आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली गोळी आपल्या मेडिकलमध्ये खूप खपते ती याच कारणाने. अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र इबुप्रोफेन-नॅप्रोक्सेनच्या वाटेला स्वतःहून जाऊ नये, आणि पावसाळ्यात अंगात ताप असताना डोकं दुखत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरं काही नको.

यांनी भागलं नाही तर ट्रिप्टान. पहिलं ट्रिप्टान सुमाट्रिप्टान, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं आणि तेव्हापासून मायग्रेनचं खास असं औषध हातात आलं, त्याआधीची बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी आजारातून उसनी घेतलेली होती. ट्रिप्टान फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि नसेतून सीजीआरपी सुटायचं थांबवतं. सुमाट्रिप्टान ५० किंवा १०० मिलिग्रॅम, २४ तासांत २०० च्या वर नाही. रिझाट्रिप्टान जिभेवर विरघळणाऱ्या गोळीतही मिळतं, पाणी प्यायलं तरी उलटी होते त्यांना ते सोयीचं. नाकात मारायचा स्प्रे आणि इंजेक्शन हेही प्रकार आहेत, इंजेक्शन सगळ्यात लवकर काम करतं. घेतल्यावर छातीत किंवा मानेत आवळल्यासारखं वाटू शकतं, बहुतेकदा ते निघून जातं, पण हार्टचा आजार, आधी झालेला लकवा किंवा कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी असेल त्यांना ट्रिप्टान द्यायचंच नसतं. प्रोप्रानोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टानचा डोस कमी करावा लागतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. एक ट्रिप्टान लागू पडलं नाही म्हणून सगळीच टाकून देऊ नयेत, दुसरं चालू शकतं.

अर्गोटामिन हे याहून जुनं. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीतून ते १९१८ साली वेगळं काढलं गेलं. आपल्याकडे ते कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीच्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिळतं, व्हॅसोग्रेन म्हणून, आणि जुन्या पेशंटांचा तिच्यावर फार जीव. आराम पडतो हे खरं. पण अर्गोटामिन हातापायांच्या रक्तवाहिन्याही आवळतं, जास्त झालं तर बोटं थंड पडतात, निळी पडतात, क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक त्याच वेळी चालू असेल तर धोका खूप वाढतो. ट्रिप्टान आणि हे २४ तासांच्या आत एकमेकांवर घ्यायचं नाही.

गोळीनेच उठणारं डोकं

या नोंदीत एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. वेदनेच्या गोळ्या महिन्यात ठराविक दिवसांपेक्षा जास्त घेतल्या की त्याच गोळ्या डोकं दुखवायला लागतात. साध्या गोळ्यांची, म्हणजे पॅरासिटामॉल, इबुप्रोफेन वगैरेंची हद्द महिन्यातले १५ दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन, कॅफिनवाल्या मिश्र गोळ्या आणि ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं यांची १० दिवस. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की मग मायग्रेन कुठे संपतो आणि गोळीचं डोकं कुठे सुरू होतं हे पेशंटलाही सांगता येत नाही. इथे गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे.

माझ्या नौपाड्यातल्या मावशीचं असंच झालं होतं. पर्समध्ये स्ट्रिप, उशीखाली स्ट्रिप, देवघराच्या खणात स्ट्रिप. सकाळी उठल्या उठल्या डोकं जड, चहाबरोबर गोळी, दुपारपर्यंत बरं, संध्याकाळी परत. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी कधी मागितली नाही, आणि ज्या क्लिनिकमध्ये ती जायची तिथेही दर वेळी गोळीचं नाव बदलून मिळालं, महिन्यात किती दिवस घेता हे सात-आठ वर्षांत कोणी विचारलं नाही. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टने विचारलं तेव्हा तिने बोटांवर मोजलं आणि पंचवीसच्या पुढे आकडा गेल्यावर ती स्वतःच गप्प झाली.

यावर उपाय म्हणजे ती गोळी बंद करणं. साध्या गोळ्या आणि ट्रिप्टान बहुतेकदा एकदम बंद करता येतात, ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या मात्र हळूहळूच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिले काही दिवस, कधी आठवडाभर किंवा थोडं जास्त, डोकं आणखी दुखतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते, आणि नेमकं इथेच लोक हार मानतात कारण घरच्यांना वाटतं की गोळी सोडली म्हणूनच हे झालं. म्हणून सुट्टीचे दिवस बघून, घरात सगळ्यांना आधी सांगून, आणि खालीलपैकी एखादं रोजचं औषध सोबत लावून हे करतात.

रोजची औषधं

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील, किंवा दिवस कमी पण प्रत्येक वेळी माणूस आडवाच होत असेल, तर रोजचं औषध लावायचा विचार करतात. मजा म्हणजे यातलं बहुतेक कुठलंच मायग्रेनसाठी बनलेलं नाही. प्रोप्रानोलॉल हार्टचं औषध, छातीच्या दुखण्यासाठी घेणाऱ्यांची अर्धशिशीही कमी झाली हे १९६६ च्या सुमारास लक्षात आलं. दमा असणाऱ्यांना ते चालत नाही आणि एकदम बंद करायचं नसतं. अमिट्रिप्टिलिन मूळचं डिप्रेशनचं, इथे १० ते २५ मिलिग्रॅम इतक्या लहान डोसात रात्री देतात, झोप लागत नाही त्यांना ते बरं पडतं, तोंड कोरडं होतं आणि वजन वाढू शकतं. चिठ्ठीवर डिप्रेशनची गोळी वाचून घाबरायचं काही कारण नाही. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट फिटची औषधं. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, वजन उतरतं, बोलताना शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळात गंभीर दोष येऊ शकतात म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना मायग्रेनसाठी ते देऊ नये, टोपिरामेटचंही गरोदरपणात तसंच. फ्लुनारिझिन आपल्याकडे सर्रास लिहून देतात, अमेरिकेत ते मिळतच नाही. रात्री ५ किंवा १० मिलिग्रॅम, सुस्ती येते, भूक वाढते, मन उदास होऊ शकतं, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं असं दिसलं तर लगेच सांगायचं.

यातलं काहीही आठवड्यात काम करत नाही. योग्य डोसावर दोन ते तीन महिने द्यावे लागतात, आणि दुखण्याचे दिवस निम्मे झाले तरी औषध लागू पडलं असं धरतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडलेल्या औषधाला लागू नाही म्हणता येत नाही. चांगलं चाललं तर सहा महिने ते वर्षभराने डॉक्टर हळूहळू कमी करून बघतात.

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं त्यांच्यासाठी बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, कपाळ, कानशिलं, मान मिळून ३१ जागी, दर १२ आठवड्यांनी, अमेरिकेत याला २०१० मध्ये मंजुरी मिळाली. आणि आता ते सीजीआरपी. ते अडवणारं एरेनुमॅब हे पहिलं इंजेक्शन २०१८ मध्ये आलं, महिन्यातून एकदा त्वचेखाली टोचायचं, त्यामागोमाग आणखी आली, आणि रिमेजेपँटसारख्या गोळ्याही आल्या ज्या रक्तवाहिन्या आवळत नाहीत. या शोधासाठी गोड्सबी, एडविन्सन, ओलेसेन आणि मॉस्कोविट्झ यांना मेंदूच्या संशोधनासाठी दिलं जाणारं ब्रेन प्राइझ २०२१ मध्ये मिळालं. मायग्रेनसाठीच घडवलेली ही डोकं उठायचं प्रमाण कमी करणाऱ्या औषधांची पहिली पिढी, पण खर्च मोठा आहे.

बायकांच्या बाबतीत

पाळीच्या आसपास येणारं डोकं जास्त वेळ टिकतं आणि गोळीला दाद देत नाही, पाळी वेळेवर येत असेल तर दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस नॅप्रोक्सेन देऊन ते अडवतात. ऑरा येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, लकव्याचा धोका वाढतो. गरोदरपणात पॅरासिटामॉल पहिली निवड, अर्गोटामिन अजिबात नाही. तिसरा-चौथा महिना ओलांडल्यावर कितीतरी जणींचं डोकं आपोआप कमी होतं.

गोळीशिवाय

अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, डोक्याला फडकं घट्ट बांधणं, सुंठ उगाळून लावणं, बाम चोळणं हे सगळं थोडा वेळ बरं वाटायला ठीक. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईतच जन्मलं. पण काहींना बामचा वासच सहन होत नाही, त्यांना प्रेमाने चोळू नका. पहाटे दूध-जिलेबी खायचा उपायही ऐकलेला असेल, उपाशीपोटी डोकं उठणाऱ्याला सकाळी काहीतरी खाल्ल्याचा फायदा होत असेल, पण रोज जिलेबी हा काही उपचार नाही. आयुर्वेदात अर्धावभेदक आणि सूर्यावर्त या नावांनी हे दुखणं येतं, नस्य (नाकात औषधाचे थेंब) आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) करतात. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांबरोबर योगासनं करणाऱ्यांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नुसत्या औषधांपेक्षा योगासनं जोडलेल्यांना जास्त फरक पडला. औषधांबरोबर, औषधांऐवजी नाही.

सगळ्यात जास्त उपयोग नेमाचा. झोप आणि जेवण रोज त्याच वेळी, रविवारी सुद्धा. महापे-घणसोलीत नाइट शिफ्ट करणाऱ्यांना हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, मला कळतं, निदान एकाच महिन्यात शिफ्ट सारखी बदलू नये एवढं मागून बघावं. संकष्टीचा उपवास चंद्रोदयापर्यंत निर्जळी करून मग दोन दिवस आडवं होणाऱ्या बायका घराघरात आहेत, त्यांनी मध्ये पाणी, ताक, फळं घ्यावीत. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये समोरच्या गाड्यांचे लाइट, मे महिन्याचं ऊन, विसर्जनाचा डीजे, यातलं टाळता येईल ते टाळावं.

अचानक मिनिटभरात शिगेला पोचलेलं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, यात घरी गोळी देत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

डॉक्टरांकडे जाताना तीन महिन्यांची नोंद न्यावी. अ‍ॅप लागत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो तसंच, दुखलं त्या तारखेला टिंब, गोळी घेतली तर टिंबाभोवती गोल, पाळी असेल तर फुली. ओपीडीत नंबर लागल्यावर मिळतात पाच मिनिटं, ती पानं फाडून टेबलावर ठेवली की गोल किती हे डॉक्टरांना लगेच दिसतं.