भात बंद, भाकरी कितीही?

मधुमेह निघाला की घरोघरी हाच सल्ला: भात सोडा, ज्वारीची भाकरी पोटभर खा. हे ‘पोटभर’च घात करतं. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं (पचून साखर होणारा भाग) असतात, तेवढ्याच कच्च्या तांदळात ७८च्या आसपास. ज्वारीत तंतुमय भाग जास्त, म्हणून रक्तातली साखर जरा सावकाश चढते. पण तीन भाकऱ्या खाल्ल्या तर चढतेच. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि भरपूर पालेभाजी, हे ताट खरंच उपयोगी. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल, तर कर्बोदकं एकदम तोडू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.