खिशातला कॉम्प्युटर आणि त्यातल्या फाईली: हा गोंधळ मुळात आला कुठून

जुने पॉकेट पीसी, म्हणजे स्मार्टफोनच्या आधीचे खिशातले कॉम्प्युटर, हल्ली परत लोकांच्या हातात दिसायला लागलेत. कुणी घरातल्या ड्रॉवरमधून काढतं, कुणी हौसेने सेकंडहँड घेतं, आणि चालू केल्यावर पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, की यात फाईली असतात तरी कुठे? सी ड्राइव्ह नाही, धड डेस्कटॉप नाही, कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली तर खिडकी जाते पण प्रोग्राम मागे चालूच राहतो. हे असं का, ते मॅन्युअल वाचून कळत नाही, त्यासाठी त्या मशीनच्या आधीची पंधराएक वर्षं बघावी लागतात.

अडचण एकच होती, खिशात मावेल अशा मशीनमध्ये त्या काळी हार्डडिस्क घालणं परवडत नव्हतं, ना किमतीत ना बॅटरीत. मग डेटा ठेवायचा कशावर? ज्याने त्याने आपापलं उत्तर काढलं आणि त्या उत्तराप्रमाणे वापरणाऱ्याला सवयी लावून घ्याव्या लागल्या.

लंडनच्या सायन कंपनीने (मुंबईच्या सायनशी काही संबंध नाही) १९८४ मध्ये ऑर्गनायझर हा खिशातला कॉम्प्युटर काढला आणि १९८६ मध्ये त्याचा सुधारलेला दुसरा अवतार. त्याला छोटे डेटापॅक खोचायचे. आत ईप्रॉम चिप असायची, आणि ईप्रॉमवर लिहिता येतं पण त्यातली एकच नोंद वेगळी पुसता येत नाही. म्हणजे तुम्ही डिलीट केलं की नोंद दिसेनाशी व्हायची एवढंच, जागा काही मोकळी व्हायची नाही. पॅक भरला की कामाचं दुसरीकडे कॉपी करायचं आणि अख्खा पॅक अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवून कोरा करायचा. डिलीट करायला दिवा लागतो हे आज कुणाला सांगितलं तर चेष्टा वाटेल.

एचपीने उलटा रस्ता धरला. १९९१ चा ९५एलएक्स आणि मग १९९४ चा २००एलएक्स, म्हणजे दोन पेन्सिल सेलवर चालणारा चक्क डॉसचा (विंडोजच्या आधीची, टाईप करून हुकूम द्यायची प्रणाली) पीसी, आत लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामसकट. इथे सी ड्राइव्ह होता बरं का, फक्त तो डिस्कवर नसून रॅममध्ये होता, म्हणजे वीज गेली की पुसली जाणाऱ्या मेमरीत, डी म्हणजे कंपनीने भरून दिलेली, आपल्याला न बदलता येणारी रॉम, आणि ए म्हणजे बाजूला खोचायचं कार्ड. रॅमपैकी किती जागा डिस्क म्हणून धरायची आणि किती प्रोग्राम चालवायला ठेवायची हे तुम्हीच ठरवायचं. माझ्या मते या सगळ्या कुळातलं सगळ्यात सरळ मशीन हेच, कारण पीसीवर डॉस वापरलेल्या माणसाला यात नवीन शिकायला फार काही नव्हतं, फाईल दिसायची, तिचं नाव दिसायचं, कॉपी म्हटलं की कॉपी व्हायची.

१९९३ मध्ये ॲपलचा न्यूटन हा हातातला कॉम्प्युटर आला, त्यात फाईल ही भानगडच नव्हती, सगळ्या नोंदी एका सामायिक साठ्यात, ज्याला ते 'सूप' म्हणायचे. मशीन महाग, मोठं, हस्ताक्षर ओळखण्यावरून टिंगल झाली आणि १९९८ मध्ये गाशा गुंडाळला.

खरी कलाटणी पाम कंपनीने दिली. तिचा संस्थापक जेफ हॉकिन्स लाकडाचा ठोकळा शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचा आणि मीटिंगमध्ये त्यावर लिहिल्याचं नाटक करून बघायचा, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आतली आहे. १९९६ मध्ये आलेल्या पामच्या पायलट १००० या मशीनमध्ये मेमरी होती १२८ केबी, एमबी नाही, केबी. आता पीसीवर फाईल उघडतो म्हणजे काय, तर डिस्कवरची प्रत रॅममध्ये येते, तिच्यात बदल करतो आणि सेव्ह म्हटलं की ती परत डिस्कवर जाते. पामकडे डिस्क नव्हतीच, जे होतं ते सगळं रॅम, मग त्याच रॅममध्ये त्याच गोष्टीच्या दोन प्रती करून जागा वाया का घालवा? म्हणून नोंद जिथे आहे तिथेच बदलायची. त्यामुळे सेव्ह नाही, ओपन नाही, फोल्डर नाही, नुसत्या नोंदींच्या याद्या आणि त्यांना लावायला जेमतेम पंधरा कॅटेगरी. बाकीचं काम पाळण्यावरच्या (पीसीला जोडलेल्या, मशीन ठेवायच्या स्टँडवरच्या) बटणाचं, ते दाबलं की हॉटसिंक, आणि पीसीवर सगळ्याची प्रत तयार. सेल पूर्ण संपून मशीन कोरं झालं तरी एकदा सिंक केलं की सगळं परत यायचं. लोकांना हे आवडलं कारण फाईली सांभाळण्याचं कामच उरलं नाही, आणि ज्यांना वर्डची फाईल जशीच्या तशी खिशात हवी होती ते वैतागले, तेही बरोबरच होतं.

मायक्रोसॉफ्टला पीसीची सवय सोडवेना. १९९६ च्या शेवटी विंडोज सीई हे छोट्या मशीनसाठीचं विंडोज आलं, आधी कीबोर्डवाल्या मशीनवर, आणि २००० मध्ये 'पॉकेट पीसी' हे नाव. कॉम्पॅकचा आयपॅक त्याच वर्षीचा, २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, आणि कार्ड घालायचं तर मागून वेगळं जॅकेट चढवायचं. यात फाईल एक्सप्लोरर होता, माय डॉक्युमेंट्स होतं, म्हणजे वरून दिसायला विंडोज, पण खाली सगळी वस्ती पुन्हा रॅममध्येच! सेटिंगमध्ये मेमरीचं एक सरकपट्टीवालं पान असायचं, डावीकडे साठवण उजवीकडे प्रोग्राम, अगदी एचपीच्या जुन्या डॉस मशीनसारखंच. प्रोग्राम रडायला लागले की पट्टी एकीकडे, गाणी टाकायची की दुसरीकडे.

आणि मग त्यातल्या गमती. पॉकेट वर्ड उघडलं की जी यादी दिसायची ती फक्त माय डॉक्युमेंट्स आणि त्याच्या खालच्या एका पातळीपर्यंतच्या फोल्डरची, फोल्डरात फोल्डर केलात की फाईल असूनही तिथे दिसत नाही, ती फाईल एक्सप्लोररमधूनच शोधायची. नवीन माणूस हमखास इथे अडकतो आणि फाईल उडाली म्हणून डोक्याला हात लावतो. सुरुवातीच्या मॉडेलांत पीसीवरून वर्डची फाईल आणली की ॲक्टिव्हसिंक (मशीन पीसीशी जुळवणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) ती रूपांतर करून द्यायचं, त्यात तळटीपा, हेडर-फूटर गळायचे, आणि तीच फाईल परत पीसीवर नेली की गळलेलं गळलेलंच, म्हणून मूळ प्रत पीसीवर वेगळी ठेवायची असा जाणत्यांचा नियम. आणि बॅटरी पार उतरली तर विचारूच नका, मशीन कारखान्यातून आल्यासारखं कोरं. मराठीचं म्हणाल तर पामचं इंग्रजी मशीन आठ बिटांच्या रोमन अक्षरसंचावर चालायचं, त्यात देवनागरीला जागाच नव्हती.

आपल्याकडे याच काळात बंगळुरात सिम्प्युटर नावाचा हातातला कॉम्प्युटर झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनी मिळून, २००१ मध्ये पहिलं रूप, आत लिनक्स, किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायचं लक्ष्य. त्यांचा विचार फाईलच्या बाबतीत मला सगळ्यात वेगळा वाटतो: मशीन एकट्याचं नाहीच, गावातल्या बऱ्याच जणांत एक, आणि ज्याचा त्याचा डेटा ज्याच्या त्याच्या स्मार्टकार्डवर. कार्ड घाला, मशीन तुमचं, कार्ड काढा, दुसऱ्याचं. २००४ मध्ये पिकोपेटा कंपनीने भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर 'अमिडा' नावाने तो बाजारात आणला पण अपेक्षेइतका खपला नाही, आणि मोबाईल स्वस्त होत गेल्यावर तर संपलंच.

रॅमचा जाच संपला तो २००५ मध्ये, विंडोज मोबाईल ५ पासून साठवण फ्लॅशवर, म्हणजे वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीवर गेली, सरकपट्टी गेली, बॅटरी उतरली तरी फाईली जागच्या जागी. दोन वर्षांनी आयफोन आला तो पामच्या वळणावर, फाईली दिसतच नाहीत, आणि त्यावर फाईल्स ॲप यायला २०१७ उजाडलं. अँड्रॉइडचं उलट, सुरुवातीला कार्डवर सगळं उघडं आणि आता अकराव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड-डेटा फोल्डरमध्ये (जिथे ॲप आपल्या फाईली ठेवतात) साध्या फाईल मॅनेजरला शिरकाव नाही.

आता हातात जुना पॉकेट पीसी असेल तर सिंकच्या मागे फार लागू नका, ॲक्टिव्हसिंक नव्या विंडोजवर धड चालत नाही. एक साधं एसडी कार्ड शोधा, २ जीबी किंवा त्याहून कमी, कारण एसडीएचसी, म्हणजे त्याहून मोठी कार्डं, ही जुनी मशीनं बहुतेक ओळखतच नाहीत, ते पीसीवर फॅट या प्रकारात फॉरमॅट करा आणि फाईली त्यावरून न्या-आणा. मशीनमध्ये ते 'स्टोरेज कार्ड' नावाच्या फोल्डरसारखं दिसेल. आणि मॉडेल २००५ च्या आधीचं असेल तर कामाचं काहीही माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका, ते कार्डवरच राहू द्या.