रोबोट काळा रंग 'बघत' नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं शाळेत रेषेवरून धावणाऱ्या रोबोटची स्पर्धा निघाली की कुणीतरी सांगतंच: "त्याला कॅमेरा असतोय, काळा रंग ओळखतोय."

तसं नाही. शाळकरी रोबोटच्या पोटाखाली बहुधा इन्फ्रारेड सेन्सर असतात. त्यातला एलईडी दिवा आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश खाली सोडतो, शेजारचा रिसीव्हर परत आलेला मोजतो. पांढऱ्यावरून भरपूर परततो, काळ्या इन्सुलेशन टेपवरून फारच थोडा. एवढंच! म्हणून तर काही काळ्या मार्करची रेघ आपल्याला ठळक दिसते, पण सेन्सरला जवळजवळ कागदासारखीच. त्या शाईतून इन्फ्रारेड आरपार जातो आणि खालच्या कागदावरून परततो. आणि घरात शहाण्यासारखा वळणारा रोबोट अंगणात भरकटला, तर पोरावर चिडू नका. उन्हातही इन्फ्रारेड असतो; सावली धरा, सेन्सर पुन्हा जुळवा.