चिंच, द्राक्ष आणि आपलं ताट

फेब्रुवारीत नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका मळ्यात गेलो होतो. वाईनसाठी लावलेल्या शिराझ द्राक्षांची तोडणी चालू होती. मळ्याच्या मालकांनी, आम्ही त्यांना काकाच म्हणत होतो, एक घड तोडून हातावर ठेवला. बाजारातल्या सोनाका किंवा थॉमसनच्या लांबट मण्यांपुढे हे अगदी बारके, करवंदाएवढे, काळेजांभळे मणी. "बी थुंकू नका, चावून बघा," काका म्हणाले. आधी नुसती साखर जाणवली, खायच्या द्राक्षाहूनही गोड. मग जाड साल दाताखाली आली, बी फुटली आणि जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू क्षणात कोरडी पडली. अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं, तेच.

दुपारी जेवायला जवळच्या वाईनरीच्या हॉटेलात गेलो. मेन्यूवर पिझ्झा, पास्ता आणि चीजचं ताट. परत येताना मळ्यात तोडणीच्या बायका बांधावर डबे उघडून बसल्या होत्या. बाजरीची भाकरी, भरली वांगी, मिरचीचा ठेचा, कांदा. ज्या मातीत ती द्राक्षं पिकली त्याच मातीतलं हे जेवण, पण वाईनच्या टेबलावर त्याला जागा नव्हती. ही वाईन त्या डब्यातल्या जेवणाबरोबर का जाऊ नये, हा प्रश्न डोक्यात घेऊनच घरी आलो. पुढचे काही महिने वाचत, चाखत, चुकत त्याचं जे उत्तर हाती लागलं ते बरंचसं रसायनशास्त्राचं आहे. त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला आपल्या स्वयंपाकघरात ओळखीचं काहीतरी सापडतं, याचा मला फार आनंद झाला.

तुरटपणापासूनच सुरू करू. तो खरं तर चव नाही, स्पर्श आहे. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत, ओलसर राहतं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाची संयुगं असतात. ती या प्रथिनांना चिकटतात, दोघांचे मिळून बारीक गोळे होतात आणि तोंडाचं वंगण निघून जातं. सुपारी, आवळा, हिरडा, कोरा चहा यांनी तोंड आवळतं ते याच कारणाने. चहात दूध घातलं की तुरटपणा कमी होतो, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला आधीच पकडून ठेवतं आणि लाळेच्या वाट्याला कमी टॅनिन येतं. रेड वाईन सालीसकट आंबवतात. रंगही सालीतूनच येतो, आतला रस बहुतेक काळ्या द्राक्षांचाही पांढुरकाच असतो. व्हाइट वाईनमध्ये साल आधीच बाजूला काढतात, म्हणून तिच्यात टॅनिन अगदी थोडं.

तेल-तुपाने तोंड ओशट होतं, टॅनिनने कोरडं. ही दोन टोकं एकमेकांना सावरतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना तुरट पेयाचे घोट आणि चरबीदार मांस आलटून पालटून दिलं, तेव्हा ओशटपणा आणि कोरडेपणा दोन्ही आटोक्यात राहिले. शेंगदाण्याचं कूट आणि तेलाचा तवंग असलेली भरली वांगी मी त्याच आठवड्यात शिराझबरोबर खाऊन पाहिली. फारच सुंदर जमलं. फक्त तिखट निम्म्याहून कमी घालायला लागलं, आणि हे 'फक्त' महत्त्वाचं आहे.

तिखट हीसुद्धा चव नव्हे, ती जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं तो मुळात चटका ओळखण्यासाठी असतो. टीआरपीव्ही-१ हे त्याचं नाव. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ साली शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. एरवी हा ग्राही साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो. अल्कोहोल आलं की हाच उंबरा ३४ अंशांच्या आसपास उतरतो. आपल्या तोंडाचं तापमान ३७ च्या जवळ, म्हणजे तोंड स्वतःच त्याला गरम वाटू लागतं. जखमेवर स्पिरिट लावल्यावर आग होते तिचं एक कारण हेच. आता तांबड्या रश्श्याबरोबर साडेचौदा टक्क्यांची रेड वाईन घेतली तर काय होईल? मिरचीने चेतवलेला ग्राही अल्कोहोल आणखी चेतवतं, वरून टॅनिन तोंड कोरडं करतं. झणझणीत कोल्हापुरीबरोबर भारी रेड वाईन, असा सल्ला मी हल्ली अनेकदा ऐकतो. तो मला पूर्णपणे चुकीचा वाटतो.

तिखटाला दाद देते ती थंड, कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर वाईन. साखर जळजळ थोडी दाबते, थंडावा त्या ग्राहीला शांत करतो. नाशिकची शेनिन ब्लांक ही व्हाइट वाईन बहुतेक वेळा अशाच धाटणीची असते. ही जात मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली. नाशिकला ती राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी लावली, आणि २००० साली त्यांच्या सुला वाईनरीच्या पहिल्या वाईन बाजारात आल्या. म्हणजे ही सगळी गोष्ट जेमतेम पाव शतकाची.

हे वय लक्षात ठेवायला हवं. युरोपातल्या खेड्यांत तिथलं जेवण आणि तिथली वाईन शेकडो वर्षं एकमेकांना घासून-पुसून तयार झाली. आपल्याकडे असं झालेलं नाही असं नाही. गोव्यात पोर्तुगीजांचा 'विन्या द आल्यूश', म्हणजे वाईन आणि लसणात मुरवलेलं मांस, आला. वाईनच्या जागी माडाच्या सुरेचा व्हिनेगर आला, मिरची-मसाले आले आणि त्याचं विंदालू झालं. पण नाशिकची वाईन आणि बाजरीची भाकरी यांची ओळख अजून नवी आहे. त्यांची सोयरीक जुळवायचं काम आपल्याच स्वयंपाकघरांत चालू आहे, ते कुठल्या फ्रेंच तक्त्यात लिहिलेलं सापडणार नाही.

या जुळवाजुळवीत सगळ्यात मोठा वाटा आंबटाचा. आपल्या ताटात किती प्रकारचं आंबट असतं पाहा. दह्या-ताकात लॅक्टिक आम्ल, लिंबात सायट्रिक, आमसुलात हायड्रॉक्सीसायट्रिक, आणि चिंचेत टार्टरिक. हे शेवटचं नाव वाईनवाल्यांच्या तोंडी दिवसरात्र असतं, कारण द्राक्षाचं मुख्य आम्लही टार्टरिकच. फळांच्या जगात टार्टरिक आम्ल एवढं साठवणारी फळं फार थोडी, आणि त्यात द्राक्षाच्या पुढे आपली चिंच. तिच्या गरात दर १०० ग्रॅममागे साधारण ८ ते १८ ग्रॅम टार्टरिक आम्ल असतं, वाईनमध्ये लिटरला काही ग्रॅम. चिंचगुळाच्या आमटीला जे आम्ल धार देतं, तेच वाईनला कणा देतं.

द्राक्षात दुसरं आम्ल असतं मॅलिक, सफरचंदात असतं ते. वेल श्वसन करताना ते खर्च करून टाकते, आणि रात्री जितक्या उबदार तितकं जास्त. टार्टरिक मात्र टिकून राहतं. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. नाशिकला ती झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षात दोनदा छाटतो: एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे द्राक्षं पिकतात ती थंडीत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, निफाडला त्याहूनही खाली. याच रात्री द्राक्षातलं आंबट राखतात. काका म्हणाले होते, "थंडी पडली की आम्ही खूश." दिवसा ऊन साखर वाढवत राहतं. २३-२४ ब्रिक्सला, म्हणजे रसात वजनाने साधारण तितके टक्के साखर झाली की, तोडणी होते, आणि लिटरभर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टने संपवली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. हिशेब केला तर बाटलीवरचा १३-१४ चा आकडा कुठून येतो ते कळतं.

आंबट जेवणानंतर वाईनचा घोट घेतला की वाईन आहे त्याहून कमी आंबट लागते, कारण जीभ त्या आंबटाला सरावलेली असते. म्हणून आमटी किंवा सोलकढीबरोबर मवाळ वाईन पाणचट वाटते. तिथे ताटातल्या आंबटाला तोडीस तोड अशी सॉव्हिन्यों ब्लांकसारखी आंबट व्हाइट वाईन हवी.

माशांच्या बाबतीत मात्र मला आधी धडा मिळाला आणि कारण नंतर कळलं. घरी बांगडे तळले होते आणि उघडी होती रेड वाईन. दुसऱ्या घोटाला तोंडात एक शिळा, धातूसारखा वास भरला. बांगडा सकाळचा, ताजा होता. वाईन एकटी प्यायली तर उत्तम. दोष दोघांच्या भेटीत होता. २००९ साली जपानी संशोधकांनी अनेक वाईन सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर चाखून याचा छडा लावला. गुन्हेगार टॅनिन नसून लोह निघालं. वाईनमध्ये विरघळलेलं लोह लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर गेलं की माशाच्या तेलातल्या मेदाम्लांपासून वासाची संयुगं झटकन तयार होतात. लोहाला बांधून ठेवणारा पदार्थ वाईनमध्ये मिसळला की तो वास कमी होतो. रेड वाईनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं, पण दरवेळी नाही, म्हणून कधी जमून जातं आणि कधी पार बिघडतं. बांगड्यासारख्या तेलकट माशात धोका जास्त.

याच्याशेजारी आपल्या बायाबापड्यांचं रसायनशास्त्र ठेवून पाहावं. मासळीला आगळ किंवा लिंबू लावतात. माशाच्या वासातलं मुख्य संयुग ट्रायमिथाइल अमाइन हे अल्कधर्मी असतं. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही, नाकापर्यंत पोचत नाही. आंबट व्हाइट वाईन माशाबरोबर करते ते काम आमसूल कितीतरी आधीपासून करतंय.

नाकाचा विषय निघालाच आहे तर एक प्रयोग करा. नाक घट्ट चिमटीत धरा आणि एक वेलदोड्याचा दाणा चावा. थोडा कडवटपणा, जिभेला हलकी चुणचुण, बस. आता चिमूट सोडा. घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि वेलदोडा 'वेलदोडा' होतो. वाईनची सगळी श्रीमंती याच मागच्या दाराने येते. शिराझमध्ये मिरीचा भास होतो तो नुसता भास नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचं रोटंडोन हे संयुग शोधलं, आणि काळ्या मिरीतही वास त्याचाच निघाला. लिटरला ग्रॅमचे काही अब्जांश एवढंही नाकाला पुरतं. पण सुमारे २० टक्के लोकांना ते पाण्यात भरपूर मिसळलं तरी जाणवत नाही. माझ्या बायकोला शिराझमधली मिरी लगेच सापडते. मला शोधावी लागते. दोघंही खरंच सांगत असतो.

मळ्यात आवडलेली वाईन घरी तशी का लागत नाही, ही तक्रार पुष्कळांची असते. त्यात मनाचा भाग आहेच. २००१ साली बोर्दोत ५४ वाईन-विद्यार्थ्यांना व्हाइट वाईन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. एक रंग एवढं करू शकतो, तर धरणावरचा वारा, सुट्टी आणि माणसं किती करत असतील! वासाचे संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतात. पण बऱ्याच वेळा कारण अगदी साधं असतं: उष्णता. मार्चच्या उन्हात गाडीच्या डिकीत चार तास राहिलेली बाटली शिजते, तिचा ताजा फळांचा वास जातो. आणि 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्या' हे वाक्य थंड देशातल्या खोलीचं आहे, १६ ते १८ अंशांचं. पुण्यातल्या एप्रिलमधल्या ३३ अंशांच्या खोलीत अल्कोहोलच आधी उडून नाकात शिरतं आणि बाकीचे वास झाकून टाकतं. रेड वाईनसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, निःसंकोच.

अल्कोहोलचा कोणताही डोस निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. यातलं जवळजवळ सगळं एका छोट्या पेल्यात अनुभवता येतं आणि बरंचसं वाईनशिवायही, कोऱ्या चहाने किंवा सोलकढीने. गाडी चालवणाऱ्याने तर मळ्यात द्राक्षंच खावीत.

त्या फेरीत आणलेली शेवटची बाटली शेनिन ब्लांकची होती. महिनाभर फ्रीजमध्ये होती. ओतताना तळाशी काचेच्या चुऱ्यासारखं काहीतरी चमकलं. लेकीने घाबरून हात मागे घेतला. ती काच नव्हती. थंडीत टार्टरिक आम्लाचा पोटॅशियम क्षार विरघळलेला राहत नाही, त्याचे स्फटिक होऊन खाली बसतात. १८४८ साली पंचविशीतल्या लुई पाश्चर यांनी याच आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेगळे केले होते, उजव्या हाताचे एका बाजूला, डाव्या हाताचे दुसऱ्या. रेणूंनाही डावं-उजवं असतं हे तिथून कळलं. मी लेकीला हे सांगत होतो तोवर तिने बशीत काढलेले दोन खडे पाण्याने धुऊन जिभेवर ठेवलेही होते. "बाबा," ती म्हणाली, "चिंचेसारखं लागतंय."